इंग्रजी माध्यमाच्या पदवी वर्गात मराठीची जागा : विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना नेमका कोणता आधार द्यावा?

खाडीकाठ (रत्नागिरी)
नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्याकडे येणारी बहुसंख्य मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकून, हायस्कूलात सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान करून आणि अकरावी-बारावीला इंग्रजी पुस्तकांशी झगडून पदवीच्या पहिल्या वर्षाला येतात. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर असतो, त्यामुळे या मुलांच्या अभ्यासूपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पहिले सत्र संपेपर्यंत त्यांतील अनेक जण वर्गात प्रश्न विचारणे सोडून देतात.

अभ्यासक्रम, पुस्तके आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत आहेत, आणि विज्ञान शाखेत त्या तशाच राहतील असे मी धरून चालतो. मात्र प्रत्यक्ष तासाला आम्ही सगळेच मराठीचा आधार घेतो. तो ज्याच्या त्याच्या मर्जीने, काहीसा चोरून आणि कोणतीही आखणी न करता घेतला जातो, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. दोन्ही भाषा उघडपणे आणि विचारपूर्वक वापरायच्या ठरवल्या, तर विद्यार्थ्यांसाठी काय करावे? आणि ज्या शिक्षकांनी स्वतः कधी असे शिकवलेले नाही, त्यांना कोणती मदत लागेल? आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

परसबाग (अलिबाग)
अत्यंत गरजेचा धागा आहे. माझी मुलगी यंदाच एफवायला गेली आहे, त्यामुळे प्रत्येक प्रतिसाद वाचणार आहे.

सुरंगी (कुडाळ)
मी मराठी माध्यमातून आले आणि सध्या मुंबईत एम.एस्सी. करते आहे. मूळ प्रश्नाच्या विद्यार्थ्यांकडील बाजूबद्दल लिहिते.

इंग्रजी 'येत नाही' हे आमच्या बाबतीत अर्धेच खरे होते. सूत्रे, आकृत्या आणि पारिभाषिक शब्द आम्हाला यायचे. त्यांना जोडणारी वाक्ये यायची नाहीत. 'अमुक वाढले की तमुक घटते, मात्र तापमान स्थिर असेल तरच' एवढा विचार डोक्यात मराठीत स्पष्ट असायचा आणि कागदावर उतरताना त्यातला 'तरच' गळून पडायचा. परीक्षक त्या उत्तराला अर्धे गुण देत, आणि आम्ही समजत असू की आपल्याला विषयच कळलेला नाही. हा गैरसमज फार नुकसान करतो, कारण त्यानंतर मूल समजून घेणे सोडते आणि पाठांतराला लागते.

आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी एक साधी पद्धत ठेवली होती. प्रकरण सुरू करण्याआधी त्या मराठीत चार-पाच प्रश्न फळ्यावर लिहीत. नंतरचे व्याख्यान इंग्रजीतच चाले, पण आम्ही त्यात त्या प्रश्नांची उत्तरे शोधत असू, त्यामुळे ऐकण्याला दिशा मिळे. तासाच्या शेवटी शेजारच्याशी मराठीत बोलायचे आणि मग तीन वाक्ये इंग्रजीत लिहायची, असा नियम होता. त्या तीन वाक्यांनी मला जे दिले, ते बाहेरच्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासने दिले नाही.

माझी मराठी (ठाणे, मूळ राजापूर)
मी थोडा वेगळा विचार मांडतो. आधार, पूल, मदत या शब्दांनी आपण मूळ प्रश्न टाळत आहोत. पदवीचे शिक्षण मराठीतूनच का असू नये? महर्षी कर्वे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. त्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवली. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ 1918 साली उर्दू माध्यमात सुरू झाले आणि तिथे विज्ञान व वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 पासून अभियांत्रिकी पदवी भारतीय भाषांतून शिकवण्यास परवानगी दिली, त्यांत मराठीही आहे. शंभर वर्षांपूर्वी जे शक्य होते ते आज अशक्य कसे? द्विभाषिकतेच्या नावाखाली मराठी कायमची मदतनीस होऊन बसेल, ही माझी भीती आहे.

दर्यावर्दी (हर्णै)
मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर काम केले, त्यामुळे याबाबत माझे मत पक्के आहे. जहाजावर वेगवेगळ्या देशांचे लोक असतात आणि इंग्रजी नसेल तर जिवावर बेतते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजावरील संवादासाठी ठराविक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. आमच्या हर्णै-दाभोळ पट्ट्यातली मुले दर्याला घाबरत नाहीत, मात्र तोंडी परीक्षेत इंग्रजी प्रश्न आला की त्यांची मान खाली जाते. पदवीची तीन-चार वर्षे इंग्रजीतून शिकूनही ही स्थिती असेल, तर इंग्रजी कमी करण्याचा विचार मला पटत नाही. वर्गात जेवढी मराठी येईल तेवढा इंग्रजीचा सराव बुडेल.

पागोळी (दापोली)
दर्यावर्दी काका, आपला अनुभव मोलाचा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. मी इंग्रजीची प्राध्यापिका आहे आणि माझा बराचसा वेळ विज्ञान शाखेच्या मुलांचे लेखन तपासण्यात जातो.

जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने 1979 साली रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. शाळेत नव्या भाषेत शिकणारी मुले साधारण दोन वर्षांत सहज बोलू लागतात, मात्र त्या भाषेत अमूर्त विचार वाचण्या-लिहिण्याइतकी तयारी होण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे त्याच्या अभ्यासातून पुढे आले. ती मुले स्थलांतरित कुटुंबांतली होती आणि त्यांच्या भोवती सर्वत्र इंग्रजी होती. आपल्याकडे वर्गाबाहेर इंग्रजी फारशी नसते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. तरीही एका महिन्याच्या संभाषण वर्गाने हा प्रश्न सुटणार नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. कमिन्सचा दुसरा मुद्दा आपल्याला अधिक उपयोगाचा आहे : एका भाषेत नीट समजलेली संकल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाही, तिथे फक्त ती मांडायला शिकावे लागते.

वेल्समध्ये इंग्रजी आणि वेल्श या दोन भाषांच्या शाळांत केन विल्यम्स यांनी 1990 च्या दशकात एक रीत मांडली. मजकूर एका भाषेत वाचायचा किंवा ऐकायचा आणि त्यावरचे काम दुसऱ्या भाषेत करायचे. केवळ शब्दाला शब्द लावून हे जमत नाही. मजकूर पचवावाच लागतो. सुरंगीच्या मॅडम जे करत होत्या ते याच जातीचे होते. काका, यात इंग्रजीचा सराव बुडत नाही. आज बहुतेक वर्गांत विद्यार्थी तासाभरात एकही इंग्रजी वाक्य स्वतः तयार करत नाही, तो केवळ उतरवून घेतो. त्या जागी रोजची तीन वाक्ये आली, तर सराव वाढेल.

माझी मराठी यांच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट राहून गेली. कर्व्यांच्या विद्यापीठात इंग्रजी हा सक्तीचा विषय होता आणि उस्मानियातही होता. शिवाय उस्मानियाने वर्ग सुरू करण्याआधीच, 1917 साली, भाषांतरासाठी स्वतंत्र कचेरी उभी केली होती. आपण नेमका तो भाग वगळून थेट वर्गाची घोषणा करतो.

खाडीकाठ (रत्नागिरी)
सर्वांचे आभार. पागोळीताईंचा 'संकल्पना एकदाच शिकावी लागते' हा मुद्दा माझ्या वर्गात मला जसा दिसला तसा लिहितो.

गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात भरती-ओहोटी येते. मिरकरवाड्याच्या बाजूचा एक मुलगा, घरची मासेमारी, वर्गात सहसा शेवटच्या बाकावर. मी इंग्रजीत विचारले की भरतीची उंची महिनाभर सारखी का राहत नाही, तेव्हा तो गप्प. तोच प्रश्न मराठीत विचारल्यावर त्याने अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग (म्हणजे कमी चढणारी भरती) यांचे सगळे गणित मांडले. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, हेही सांगितले. मी फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत काढले, मग काटकोनात काढले, आणि कोणत्या आकृतीत उधाण असेल ते त्याला विचारले. त्याने क्षणात ओळखले, कारणही सांगितले. त्यानंतर इंग्रजीत उत्तर लिहिताना त्याला केवळ भाषेचे काम उरले होते. मी त्याला चार वाक्यांचा सांगाडा दिला : 'जेव्हा... तेव्हा...', 'याचे कारण...', 'याउलट...', 'म्हणून...' यांची इंग्रजी रूपे. त्याने त्यात स्वतःचा मजकूर भरला आणि उत्तर बिनचूक आले.

मात्र असा तास मला रोज घेता येत नाही, आणि माझे काही सहकारी मुळीच घेऊ इच्छीत नाहीत. मराठीत बोलले तर आपले इंग्रजी कच्चे आहे असे समजले जाईल, ही भीती त्यामागे आहे.

जगबुडी (खेड)
मला एक गोष्ट आवर्जून नोंदवायची आहे. हा सगळा विचार 'मराठी आणि इंग्रजी' असा चालला आहे. खेड, चिपळूण, दापोली, रत्नागिरी या तालुक्यांत उर्दू माध्यमाच्या कितीतरी शाळा आहेत आणि मी तशाच शाळेतून आले. आमच्या घरी कोकणी बोलली जाते, शाळा उर्दूतून झाली, मराठी विषय म्हणून शिकले आणि महाविद्यालयात इंग्रजी. सर मराठीत समजावत तेव्हा बाकीच्या मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरे. मला गोष्टी आणि गप्पा मराठीत कळत, पण 'त्वरण', 'विद्राव्यता', 'प्रारण' हे शब्द इंग्रजी शब्दांइतकेच परके होते. मालवणी किंवा आगरी बोलणाऱ्या मुलांचेही काही प्रमाणात असेच होत असावे.

माझे म्हणणे मराठीच्या विरोधात नाही. शिक्षकांनी समजावताना मराठी वापरावी, मात्र जोडीने किंवा गटाने चर्चा करताना मुलांना हव्या त्या भाषेत बोलू द्यावे, आणि शब्दांची यादी देणार असाल तर तिसरा रकाना कोरा ठेवावा. तो आम्ही भरू.

माझी मराठी (ठाणे)
जगबुडी यांची सूचना मनापासून पटली. तिसऱ्या रकान्याची कल्पना माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. मात्र 'त्वरण' परके वाटते याचे कारण ते वापरात आणले गेले नाही, हेही लक्षात घ्यावे. भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश केले आहेत, मराठी विश्वकोश आहे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते बहुधा कपाटातच राहतात.

तासिका (सावंतवाडी)
शिक्षकांच्या बाजूने लिहिते. मी तासिका तत्त्वावर काम करते. मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. तयारीचे, पत्रके तयार करण्याचे, वह्या तपासण्याचे मिळत नाही. सेमिस्टरमध्ये सुट्ट्या, परीक्षा आणि नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) कागदपत्रे यांतून जे तास उरतात त्यांत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई असते. अशा वेळी 'दोन्ही भाषांत शिकवा' याचा अर्थ व्यवहारात 'तेच दोनदा सांगा' असा होतो, आणि तेवढा वेळ कोणाकडेच नाही.

आणखी एक गोष्ट. मी स्वतः मराठी माध्यमातली. माझे विषयाचे ज्ञान पक्के आहे, मात्र इंग्रजीत विषय उलगडून सांगण्याचे शिक्षण मला कोणी दिले नाही. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले, थेट वर्गावर आले. त्यामुळे कित्येक जण स्लाइडवरचे वाचून दाखवतात किंवा नोट्स सांगतात. एका कार्यशाळेला गेले होते, तिथे दिवसभर 'प्रभावी इंग्रजी'वर भाषणे झाली आणि आमच्यापैकी एकालाही पाच मिनिटे शिकवून दाखवण्याची संधी मिळाली नाही. शिक्षकांना आधार द्यायचा असेल तर तो त्यांच्या विषयात, त्यांच्या प्रकरणावर आणि त्यांच्या तासाला द्यावा.

पागोळी (दापोली)
तासिकाताई, आपण लिहिलेले शब्दन् शब्द खरे आहे. तेच दोनदा सांगणे ही द्विभाषिक शिकवण्याची सर्वांत वाईट रीत आहे, कारण दुसऱ्यांदा मराठीत येणार हे ठाऊक असलेले मूल इंग्रजी ऐकणेच थांबवते. कोणत्या कामाला कोणती भाषा हे आधी ठरले, तर वेळ वाढत नाही. नव्या संकल्पनेचा गाभा मराठीत. व्याख्या, आकृतीवरील नावे आणि उदाहरण सोडवणे इंग्रजीत. शंका हव्या त्या भाषेत. लेखी काम इंग्रजीत. एवढी वाटणी पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकावी.

इंग्रजीचा आणि विज्ञानाचा असे दोन शिक्षक मिळून एक प्रकरण आखू शकतात. मी आमच्याकडे प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांसोबत हे केले. त्यांना बोलताना लागणारी जोडवाक्ये मी लिहून दिली : आता आपण कारणाकडे वळू, हे आधीच्यापेक्षा वेगळे कसे आहे ते पाहू, इथपर्यंतचे थोडक्यात सांगतो. ही वीसेक वाक्ये तोंडात बसली की स्लाइड वाचण्याची गरज बरीच कमी होते.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र प्रश्नपत्रिकेत आहे. 'एन्युमरेट', 'एलुसिडेट', 'क्रिटिकली इव्हॅल्युएट' असे शब्द अंतर्गत चाचणीत विनाकारण येतात. उत्तर ठाऊक असलेली मुले या क्रियापदांवर अडखळतात. ती सोपी करावीत, किंवा प्रत्येक क्रियापद किती आणि कसले उत्तर मागते याचा एक तास पहिल्या महिन्यात घ्यावा. यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही.

कलमवाला (देवगड)
मी प्राध्यापक नाही, बागायतदार आहे. मुलगा कृषी पदवीला आहे, म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी तो सुट्टीत घरी आला तेव्हा पुस्तकातून हापूसमधल्या साक्याबद्दल पाठ करत होता, इंग्रजीत, डोळे मिटून. मी त्याला विचारले, अरे, हे कशाबद्दल आहे? त्याने नीट वाचले आणि मग म्हणाला, बाबा, हा तर आपला साका! फळ वरून सुरेख दिसते आणि कापले की गरात पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. जमिनीची धग फळाला लागू नये म्हणून झाडाखाली पेंढ्याचे आच्छादन करायचे, फळ चौदा आणे तयार झाले की काढायचे, झाडावर पिकू द्यायचे नाही, हेही त्याने स्वतःच्या हातांनी केले आहे. पुस्तकातही तेच उपाय होते. हे दोन्ही एकच आहे हे सांगायला कोणीतरी हवे होते, एवढेच.

जाता जाता एक सुचवतो. बाळशास्त्री जांभेकर आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढले ते इंग्रजी आणि मराठी अशा शेजारशेजारच्या स्तंभांत. महाविद्यालयातल्या टिपणांना तीच मांडणी का वापरू नये?

सुरंगी (कुडाळ)
कलमवाला काका, 'दर्पण'ची आठवण फार योग्य काढलीत. तरी टिपणांच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे. आम्हाला एका विषयात पूर्ण मजकूर दोन्ही भाषांत मिळत असे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही सगळे मराठी स्तंभच वाचत असू. सकाळी उत्तर इंग्रजीत लिहायचे, तेव्हा पुन्हा तीच पंचाईत. 'दर्पण'चे वाचक दोन वेगळ्या भाषांचे होते. इथे दोन्ही स्तंभांपुढे एकच विद्यार्थी बसलेला आहे. त्यामुळे सुरुवातीला अर्धे पान मराठीत, त्यात प्रकरण कशाबद्दल आहे आणि आपल्या भोवती ते कुठे दिसते हे यावे, आणि पुढचा मजकूर सोप्या इंग्रजीत असावा. तिसऱ्या वर्षापर्यंत मराठी भाग एका परिच्छेदावर आला तरी चालेल.

माझी मराठी (ठाणे)
'कमी कमी होत जाणारी मराठी' हे वाचून वाईट वाटते. तिसऱ्या वर्षाला मराठीतून एक लेखन असावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या प्रकल्पाचा सारांश गावातल्या माणसाला कळेल अशा मराठीत लिहिणे हेही विज्ञानाच्या पदवीधराला यायला हवे.

पागोळी (दापोली)
पूर्ण सहमत. कृषी, मत्स्य आणि आरोग्य या क्षेत्रांत जाणाऱ्यांना तर ते रोज लागणार आहे.

परसबाग (अलिबाग)
एक पालक म्हणून विचारते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये विद्यापीठांना सांगितले होते की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. मग मुलीला तो पर्याय मिळाला तर घ्यावा का?

दर्यावर्दी (हर्णै)
ताई, ती पुढे काय करणार यावर ते अवलंबून आहे. माझे मत या धाग्यामुळे थोडे हलले आहे, ते सांगतो. जहाजावर हुकूम इंग्रजीतच सुटायचा, मात्र नव्या पोराला इंजिनरूममधले काम मी आमच्या बोलीतच समजावत असे, कारण घाईत चूक परवडत नव्हती. समजावणे एका भाषेत आणि काम दुसऱ्या भाषेत, हे मी जन्मभर केले. तेव्हा वर्गातल्या मराठीला माझा विरोध नाही. परीक्षा मात्र तिने इंग्रजीतच द्यावी.

तासिका (सावंतवाडी)
परसबागताई, आपल्या महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे. कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिणारी मुले पुष्कळ असतात आणि तपासणारेही असतात. विज्ञानात संदर्भपुस्तके इंग्रजीत असताना केवळ उत्तर मराठीत लिहिणे मुलांना उलट अधिक जड जाते. अंतर्गत चाचणीत आणि तोंडी परीक्षेत ती मुभा मिळाली, तर ती मात्र अवश्य घ्यावी.

खाडीकाठ (रत्नागिरी)
मूळ प्रश्नाकडे परत येतो. या चर्चेच्या आधारे आमच्या विभागात पुढच्या सत्रासाठी मी एक प्रस्ताव ठेवला आणि तो मान्य झाला आहे. प्रथम वर्षाच्या एकाच विषयात, गुरुत्वाकर्षण आणि उष्णता या दोन प्रकरणांपुरते, आम्ही भाषांची वाटणी आधी जाहीर करून शिकवू. सुरुवातीचे अर्धे पान मराठीत, शब्दयादीत तिसरा रकाना कोरा, आणि तासाच्या शेवटी तीन इंग्रजी वाक्ये. इंग्रजी विभागातील एक सहकारी आमच्या तासाला बसणार आहेत. तासिका तत्त्वावरील दोन सहकाऱ्यांच्या तयारीचे तास मानधनात धरावेत, अशी लेखी मागणी प्राचार्यांकडे केली आहे. ती मान्य झाल्याशिवाय त्यांच्यावर हे काम टाकायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. तीन वाक्ये रोज तपासणार कोण? आणि तोंडी परीक्षेत मराठीत दिलेल्या उत्तराला किती गुण द्यायचे, यावर आमच्यात एकमत नाही.

पागोळी (दापोली)
रोज सगळी तपासू नका. रोज पाच वह्या उचला आणि त्यांतले एक वाक्य नाव न सांगता फळ्यावर लिहून सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा. तोंडी परीक्षेत संकल्पनेचे गुण भाषा न पाहता द्यावेत आणि इंग्रजीत मांडणीसाठी थोडे गुण वेगळे ठेवावेत. मुलांना ही विभागणी आधीच सांगावी.

जगबुडी (खेड)
उष्णतेच्या प्रकरणाची शब्दयादी तयार झाली की इथे टाका. उर्दू रकाना मी आणि माझ्या दोन मैत्रिणी भरून देतो, आणि मालवणी जाणणाऱ्या कोणी पुढे आले तर चौथा रकानाही करता येईल.

कलमवाला (देवगड)
मालवणीचे माझ्याकडे द्या. आमच्या वाडीत सांगणारे भरपूर आहेत.